वाचक विचारतात : विमानतळावर मुलांची अंगझडती

प्रश्न : सहा वर्षांच्या नातवाला घेऊन नेवार्कहून डेन्व्हरला जायचं आहे. अमेरिकेत मुलांचीही अंगझडती घेतात म्हणे. नको म्हणता येतं का?
— एक आजी, नाशिक

उत्तर : तपासणीला सरळ नकार दिलात तर आत सोडणार नाहीत. पण तिथली सुरक्षा यंत्रणा, म्हणजे टीएसए, बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना बरीच सवलत देते. यंत्र वाजलं तर मुलाला पुन्हा एकदा त्यातून जाऊ देतात, किंवा तळहातांवरून कापडी पट्टी फिरवून स्फोटकांचे कण आहेत का ते पाहतात. एवढ्यानं शंका फिटली नाही तरच झडती, तीही मोठ्यांपेक्षा सौम्य.

म्हणून यंत्र वाजणार नाही एवढं बघा. आपल्याकडच्या मुलांच्या बाबतीत पहिला संशयित चांदीचा करदोटा. कपड्याखाली असल्यानं घरचे विसरतात, आणि मग हात नेमका कमरेपाशीच जातो. तो घरीच काढा. कडं, साखळीही काढा. जरीचा किंवा टिकल्यांचा कपडा नको, खिसे रिकामे हवेत. बॉडी स्कॅनर कागदी रुमालाची घडीसुद्धा दाखवतो. या स्कॅनरमध्ये हात वर करून काही सेकंद स्तब्ध उभं राहावं लागतं. चुळबूळ झाली की चित्र बिघडतं, तेव्हा घरी सराव करून घ्या. निघताना ग्लिसरीनचं लोशन चोळू नका, त्यानं पट्टीची चाचणी कधीकधी खोटी ओरडते.

झडतीची वेळ आलीच तर आडोशाची खोली मागा. नातवाला तुमच्यापासून वेगळं करत नाहीत. हात कुठे लावणार ते आधी सांगायला लावा आणि ते नातवाला मराठीत समजावा.

प्रश्न : हातातलं यंत्र फिरवून भागत नाही का? मुलांना हात लावायचाच कशाला?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : ते यंत्र फक्त धातू ओळखतं. 25 डिसेंबर 2009 रोजी डेट्रॉइटला जाणाऱ्या विमानात एकानं अंतर्वस्त्रात लपवून आणलेलं स्फोटक धातूचं नव्हतं. त्यानंतर 2010 मध्ये झडती कडक झाली. एप्रिल 2011 मध्ये न्यू ऑर्लिन्सला सहा वर्षांच्या मुलीच्या झडतीची चित्रफीत पसरली, गदारोळ उठला, आणि त्याच वर्षी मुलांसाठी वरची सवलत आली.

मुलांना पूर्ण सूट द्या, ही मागणी आम्हाला पटत नाही. तसं झालं तर लपवणारा वस्तू मुलाच्याच कपड्यात ठेवील. मात्र बाराची रेघ फार ठोकळ आहे. तेरा वर्षांच्या मुलीला मोठ्या बाईसारखीच पूर्ण झडती द्यावी लागते, आणि संकोचाचं वय तर तेच. झडती घेणारी बाईच असते, तरी अशा मुलीबरोबर असाल तर तिनं मागायची वाट न पाहता खोली तुम्हीच मागा.