डिस्नेच्या पार्कात जुनी राइड बदलली की चाहते एवढे का भांडतात? स्प्लॅश माउंटन काढणं बरोबर होतं का?

बरोबर होतं, असं माझं मत. पण चाहत्यांची रडारड अगदीच उगाच होती असंही नाही.

जानेवारी 2023 मध्ये फ्लोरिडातली स्प्लॅश माउंटन बंद झाली, तेव्हा काही जणांनी तिथलं पाणी बरण्यांत भरून ऑनलाइन विकायला काढलं होतं. गंगाजल असल्यासारखं! मला आधी हसू आलं. नंतर वाटलं, आपलं जे मोडलं जाणार त्याचा थेंबभर तरी जवळ राहावा, यात हसण्यासारखं काय आहे?

ही राइड 'साँग ऑफ द साउथ' या 1946 सालच्या चित्रपटावर बेतलेली होती. जॉर्जियातला एक मळा, गुलामगिरी नुकतीच संपलेली, आणि तरी तिथला कृष्णवर्णीय म्हातारा गोऱ्या मुलांना हसतखेळत गोष्टी सांगतोय, असा तो सगळा मामला. प्रदर्शित झाला तेव्हाच एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेने त्यावर आक्षेप घेतला होता. डिस्नेने अमेरिकेत त्याची साधी व्हिडिओ कॅसेटसुद्धा कधी काढली नाही. जो चित्रपट घरात लपवून ठेवायचा, त्याचीच 1989 मध्ये राइड केली! म्हाताऱ्याला वगळलं, गोष्टीत सशाला अडकवणाऱ्या डांबराच्या बाहुलीऐवजी (हा शब्द कृष्णवर्णीयांसाठी शिवीसारखा वापरला जायचा) मध आणला, म्हणजे झाकपाकही पहिल्या दिवसापासूनच.

पण यात एक मेख आहे. म्हाताऱ्याच्या गोष्टींतला तो ससा, तो कोल्हा, ते अस्वल डिस्नेचे नव्हतेच. त्या गोष्टी आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांनी एकमेकांना सांगितलेल्या. त्या जोएल चँडलर हॅरिस या गोऱ्या पत्रकाराने छापल्या. बळ नाही पण डोकं आहे, असा ससा बलवानांच्या हातावर तुरी देतो, ही गोष्ट गुलामाला का आवडत असेल ते सांगायला नको. वाईट चित्रपटाबरोबर तो ससाही गेला. भांडणाऱ्यांपैकी फार थोडे याबद्दल बोलतात. बाकीचे बालपण आणि ती शेवटची 50 फुटांची उडी घेऊन बसतात. अहो, उडी आहे तिथेच आहे! 2024 मध्ये टियाना या डिस्नेच्या चित्रपटातल्या राजकन्येची राइड आली ती त्याच पाण्यातून, त्याच वळणांवरून जाते.

माझ्या मते इथे भांडणं दोन आहेत आणि लोक ती एकात कालवतात.

एक, कुणाचा तरी अपमान होतो म्हणून केलेला बदल. जंगल क्रूझ या राइडमध्ये ट्रेडर सॅम हा माणसांची मुंडकी विकणारा 'जंगली' होता, त्याला 2021 मध्ये काढलं. पायरेट्स या राइडमध्ये समुद्री चाचे बायकांचा लिलाव करायचे. 2018 पासून अमेरिकेतल्या दोन्ही पार्कांत त्यातली लाल केसांची बाई स्वतःच चाची झाली आणि लुटीचा माल विकायला लागली. यात कुणाचं काय बिघडलं ते मला कळत नाही.

दुसरा बदल चित्रपट चालला म्हणून होतो. माझा राग त्यावर आहे.

डिस्नेच्या फ्लोरिडातल्या एपकॉट या पार्कात तळ्याभोवती 11 देशांची दालनं आहेत. नॉर्वेच्या दालनात 1988 पासून मेलस्ट्रॉम नावाची राइड होती. मी त्यात एकदाच बसले. वायकिंग नावेसारखी बोट, अंधारात तीन डोक्यांचा ट्रोल शाप देतो आणि बोट एकदम मागे मागे जायला लागते. मग थेट उत्तर समुद्रातलं वादळ आणि समोर तेल काढणारा भला मोठा सांगाडा. राक्षसानंतर तेलविहीर! इतकं विचित्र काहीतरी फक्त एखादा खरा देशच स्वतःबद्दल दाखवू शकतो. शेवटी एका थिएटरात सोडायचे, नॉर्वेवरचा पाचेक मिनिटांचा माहितीपट बघायला. बहुतेक लोक एका दाराने आत येऊन सरळ समोरच्या दाराने बाहेर पडले. आम्ही चार-पाच डोकीच बसून राहिलो.

तर कंपनीचं गणित मला समजतं. ऑक्टोबर 2014 मध्ये मेलस्ट्रॉम बंद झाली आणि जून 2016 मध्ये तिथे 'फ्रोझन' या डिस्नेच्या चित्रपटाची राइड आली. पाण्याची वाट तीच, बोटी त्याच, मागे जाणंही तेच. देश मात्र बदलला. चित्रपटातलं एरेंडेल हे राज्य नकाशावर नाही. मूळ कथाही अँडरसनची, म्हणजे डॅनिश माणसाची. 'अहो पण फ्रोझनवर नॉर्वेची छाप आहेच की' असं काही चाहते म्हणतात. आहे ना, डोंगरांवर आणि कपड्यांवर. पण त्या दालनात यायचं ते नॉर्वे बघायला, नॉर्वेची छाप असलेलं काहीतरी बघायला नव्हे. आता तिथे रांग लागते हे खरं. ती फ्रोझनमधल्या एल्सासाठी लागते.

तुम्हाला स्प्लॅश माउंटनची फारच हळहळ वाटत असेल तर टोकियो डिस्नेलँडमध्ये ती अजून चालू आहे, सशासकट. मेलस्ट्रॉम मात्र जगात एकच होती.