‘उतरेल आपोआप’ म्हणत किती थांबायचं?

‘ताई, आम्ही घणसोलीला राहतो. माझा मुलगा ११ महिन्यांचा आहे. त्याची उजवी गोटी (वृषण) खाली पिशवीत उतरलेली नाही. डॉक्टर ऑपरेशन सांगतात. सासूबाई म्हणतात, मालिश करू, उतरेल आपोआप. नवरा तर विषय काढला की उठून जातो. एवढ्याशा जिवाला भूल द्यायची? काय करू?’

अगं, सासूबाईंचं म्हणणं अगदीच खोटं नाही. पूर्ण दिवसांच्या शंभरातल्या तीनेक मुलग्यांना हा त्रास असतो आणि बऱ्याच जणांची गोटी पहिल्या काही महिन्यांत उतरते. पण ६ महिन्यांनंतर ती आशा जवळजवळ संपते. मालिशने तर ती उतरतच नाही. जांघेत चोळू नका.

एक मात्र नीट बघ. बाळ कोमट पाण्यात निवांत बसलं असताना दोन्ही गोट्या पिशवीत दिसतात आणि गारठलं की एक वर पळते, असं होतं का? होत असेल तर डॉक्टरांना सांग. त्याला बहुधा ऑपरेशन लागत नाही, दर वर्षी तपासणी पुरते.

कधीच दिसत नसेल, तर आता पेडियाट्रिक सर्जनच, म्हणजे लहान मुलांचे सर्जनच गाठ. आधी सोनोग्राफीसाठी धावू नकोस, त्यांच्या हाताला जास्त कळतं. ऑपरेशन १८ महिन्यांच्या आत व्हायला हवं. अंगातल्या उष्णतेने शुक्राणू तयार करणाऱ्या पेशी पहिल्या-दुसऱ्या वर्षातच कमी व्हायला लागतात. पुढे कर्करोगाचा धोकाही असतो. वेळेत ऑपरेशन केलं की तो बराच कमी होतो.

गोटी हाताला लागत असेल तर जांघेत छोटा छेद घेऊन ती मोकळी करतात आणि पिशवीत बसवतात. बहुतेक बाळं त्याच संध्याकाळी घरी येतात. लागत नसेल तर दुर्बिणीने पोटात शोधतात, कधी दोन टप्पे लागतात. भूल देणारे डॉक्टर लहान मुलांचं काम नेहमी करतात ना, हे बिनधास्त विचार. उपाशी ठेवायचे तास काटेकोर पाळ. रडतोय म्हणून कुणी घोटभर दूध पाजलं, तर भुलेत ते फुफ्फुसात जाऊ शकतं. घरात सगळ्यांना हे बजावून ठेव. दुसरं मत हवं असेल तर परळचं लहान मुलांचं वाडिया हॉस्पिटल आहे, ठाण्याला गाडी बदलून जाता येईल.

आता नवरा. तो उठून जातो ते बेफिकिरीने नव्हे, घाबरून, असं मला वाटतं. ‘ऑपरेशन करायचं का?’ असं विचारूच नकोस. ‘शनिवारी ओपीडीला येतोस का?’ एवढंच विचार. एकच गोटी वर असलेल्या बहुतेक मुलांना मोठेपणी मूल होतं, हे त्याला सर्जनच्या तोंडून ऐकू दे. सासूबाईंनाही ने. आणि दोघं नाहीच आले, तरी अपॉइंटमेंट रद्द करू नकोस. बाळाला घेऊन तू जा.