नव्या पाणभुंगेऱ्याची नोंद कशी होते?

प्रश्न : तळ्याच्या काठाशी, पाणवनस्पतींमध्ये मला जेमतेम चार मिलिमीटर लांबीचा, फुगीर पाठीचा काळसर भुंगेरा आढळला. त्याच्या पोटाखाली हवेचा चंदेरी थर चमकत होता. माझ्याजवळच्या कोणत्याही पुस्तकातील चित्राशी तो जुळत नाही. ही नवी प्रजाती असू शकेल काय? तशी असल्यास माझ्याकडील स्पष्ट छायाचित्रांवरून ती जाहीर करता येईल काय?

उत्तर : आपण केलेल्या वर्णनावरून हा भुंगेरा हायड्रोफिलिडी या कुलातील असण्याची शक्यता मोठी आहे. खात्री करण्यासाठी तो श्वास घ्यायला वर येतो तेव्हा त्याच्याकडे नीट पाहावे. पाण्यातले शिकारी भुंगेरे, म्हणजे डायटिस्किडी कुलातले, शेपटीकडचे टोक पृष्ठभागाला लावून पंखांखाली हवा भरून घेतात. हायड्रोफिलिडी मात्र डोक्याच्या बाजूने वर येतात, अंग किंचित कलते करतात आणि गदेसारख्या टोकाच्या आखूड शृंगिकेने, म्हणजे डोक्यावरच्या मिशीने, पाण्याचा पृष्ठभाग फोडतात. तेथून आत आलेली हवा बारीक जलरोधक केसांवरून सरकत पोटाखाली पसरते आणि आपल्याला दिसलेला चंदेरी थर तयार होतो. शृंगिका अशी श्वसनाच्या कामाला लागलेली असल्यामुळे चाचपण्याचे काम जबड्यालगतच्या लांब स्पर्शिका करतात, आणि नवखा निरीक्षक पुष्कळदा त्यांनाच शृंगिका समजतो. पोहतानाही फरक दिसतो : शिकारी भुंगेरे मागचे दोन्ही पाय एकाच वेळी मारतात, तर हे आळीपाळीने.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. पुस्तकात चित्र नाही एवढ्यावरून काहीच ठरत नाही, कारण या कुलात जगभरात तीन हजारांच्या आसपास प्रजाती ज्ञात आहेत आणि सामान्य वाचकांसाठीच्या पुस्तकांत त्यांतल्या मूठभरच येतात. एखादी प्रजाती नवी आहे असे म्हणणे म्हणजे तिच्या सर्व जवळच्या ज्ञात प्रजातींशी तुलना करून ती त्यांपैकी कोणतीच नाही असे दाखवणे होय, आणि माझ्या मते संपूर्ण कामाचा कस येथेच लागतो. प्राण्यांच्या शास्त्रीय नावांची गणना 1758 पासून, म्हणजे स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसच्या ‘सिस्टिमा नॅचुरी’ या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीपासून होते. त्याच ग्रंथात लिनियसने युरोपातील मोठ्या काळ्या पाणभुंगेऱ्याला डायटिस्कस पायसियस हे नाव दिले. आज तो हायड्रोफिलस या वंशात गणला जातो, म्हणून त्याच्या नावापुढे लिनियसचे नाव आणि वर्ष कंसात लिहितात. त्या काळची वर्णने एखाद्या लॅटिन वाक्यात संपत, आणि तसले वाक्य पुढे सापडलेल्या कितीतरी प्रजातींना लागू पडू शकते. अशा वेळी शब्दांवर विसंबून चालत नाही. ज्या नमुन्यावरून ते नाव दिले गेले तो मूळ नमुना संग्रहालयातून मिळवून मायक्रोस्कोपखाली पाहावा लागतो. बेल्जियमचे आर्मांड दॉर्शिमाँ यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या गटावर फार मोठे काम केले, त्यामुळे त्यांनी वर्णन केलेल्या प्रजातींशी तुलना करणे आजही अनेकदा अटळ ठरते. ही पायरी टाळली आणि नंतर जुने नाव सापडले, तर प्राधान्याच्या नियमानुसार सामान्यतः जुनेच नाव टिकते.

केवळ छायाचित्रे प्रसिद्ध करून नाव वैध होत नाही. प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेची सध्याची, म्हणजे चौथी आवृत्ती 1 जानेवारी 2000 पासून लागू आहे. तिच्यानुसार प्रजाती नवी असल्याचे स्पष्ट नमूद करावे लागते, ती वेगळी ओळखता यावी अशी लक्षणे शब्दांत द्यावी लागतात, आधारभूत नमुना म्हणजे होलोटाइप निश्चित करावा लागतो आणि तो कोणत्या संग्रहात ठेवला आहे हेही सांगावे लागते. 2012 पासून केवळ इलेक्ट्रॉनिक स्वरूपातील प्रकाशनही चालते, मात्र त्याची झूबँक या नोंदवहीत आधी नोंद हवी. तरीही आपली छायाचित्रे जपून ठेवावीत. जिवंत भुंगेऱ्याचा रंग आणि त्याची जागा त्यांतून कळते, आणि ही माहिती सुकलेल्या नमुन्यातून मिळत नाही.

प्रश्न : नव्या भुंगेऱ्यांच्या वर्णनात नराच्या जननांगाची आकृती का असते? त्यासाठी कीटक मारणे आवश्यक आहे का?

उत्तर : याच कुलातील लॅकोबियससारख्या वंशांत दोन प्रजातींचे बाह्यरूप इतके सारखे असते की पाठीवरचे ठिपके, लांबी आणि रंग पाहून निर्णय देणे धोक्याचे ठरते. रंग तर विशेषच फसवा, कारण कोशातून नुकताच बाहेर पडलेला भुंगेरा फिकट असतो. नराचे जननांग मात्र कठीण असते आणि त्याचा आकार बहुधा प्रजातीगणिक वेगळा असतो. नमुना मऊ करून, बारीक सुयांनी पोटाच्या टोकातून हा अवयव अलगद बाहेर काढतात, पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात स्वच्छ करतात आणि ग्लिसरीनच्या थेंबात ठेवून न्याहाळतात. तेव्हा मधला खंड आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे खंड स्पष्ट दिसतात. त्यांची टोके रुंद आहेत की निमुळती, आत वळलेली की बाहेर, यावर निर्णय अवलंबून असतो. म्हणून केवळ मादीवरून नवी प्रजाती उभी करण्यास जाणकार कचरतात.

होय, त्यासाठी काही नमुने मारावे लागतात, आणि ही गोष्ट हलकेपणाने घेऊ नये. आवश्यक ती परवानगी घ्यावी आणि गरजेपुरतेच नमुने गोळा करावेत. परंतु एकाच नमुन्यावर थांबणेही बरे नाही, कारण एकाच प्रजातीतील निरनिराळ्या भुंगेऱ्यांमध्ये किती फरक असू शकतो हे अनेक नमुन्यांवरूनच समजते. काही नमुने तीव्र इथेनॉलमध्ये ठेवले तर डीएनए तपासता येतो. त्यातील सीओआय नावाच्या जनुकाचा साडेसहाशेच्या आसपास अक्षरांचा तुकडा तुलनेसाठी सर्रास वापरतात. तो उत्तम पुरावा आहे, पण शरीररचनेच्या अभ्यासाची जागा तो घेत नाही. प्रत्येक नमुन्यासोबत ठिकाण, अक्षांश-रेखांश, तारीख, संग्राहकाचे नाव आणि तो जाळीने धरला की रात्री दिव्याशी आला याची चिठ्ठी हवीच. चिठ्ठी नसलेला नमुना कितीही सुंदर असला तरी अभ्यासाला फारसा उपयोगी पडत नाही.

प्रश्न : नव्या प्रजातीला आईचे नाव देता येते का?

उत्तर : अवश्य देता येते. व्यक्तीवरून नाव देताना स्त्रीसाठी शेवटी लॅटिन ‘एई’ आणि पुरुषासाठी ‘आय’ ही अक्षरे जोडण्याची रीत आहे. स्वतःचे नाव देण्यास संहितेत बंदी नाही, पण ते शिष्टसंमत मानले जात नाही. नाव देण्याचा मान मात्र वर्णन प्रसिद्ध करणाऱ्याचा असतो. आपण नमुना अभ्यासकाकडे सोपवणार असाल, तर ही इच्छा त्यांना लेखनाला सुरुवात होण्यापूर्वीच कळवावी.