कपाटाची किल्ली चौथीच्या मुलांकडे द्या

प्रश्न : आमची देवगड तालुक्यातली द्विशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी. १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनानिमित्त महिनाभर वाचनाचे उपक्रम घ्यायचं ठरलंय. सर्वांत जास्त पुस्तकं वाचणाऱ्या मुलाला बक्षीस ठेवावं का? आणि पुस्तकं घरी द्यायची भीती वाटते. फाटली तर जबाबदारी आमच्यावर. – एक शिक्षिका

उत्तर : बाई, बक्षीस ठेवू नका. शाळेचं ग्रंथालय सांभाळताना मी पाहिलंय, आकड्यावर बक्षीस लागलं की हुशार मुलं सर्वांत पातळ पुस्तकं शोधतात आणि ज्याला अजून जोडाक्षरं अडतात ते पोर पहिल्याच आठवड्यात मागं सरतं. तुमचा महिना खरं तर त्याच्यासाठी आहे.

रोज पंधरा मिनिटं तुम्ही स्वतः मोठ्यानं वाचा. वेळ ठरलेली हवी, खिचडी झाल्यावर बसलात तरी चालेल. पुस्तक मुलांकडे वळवून धरा, चित्र पोटभर बघू द्या, पान उलटायच्या आधी थांबा आणि पुढं काय होईल ते विचारा. पहिली-दुसरीची मुलं तीच गोष्ट पुन्हा मागतील. वाचा पुन्हा! दोन-तीनदा ऐकली की ती तुमच्याबरोबर वाक्यं म्हणू लागतात, मग आपणहून ओळींवर बोट फिरवतात. कुणी तीच गोष्ट मालवणीत सांगू लागलं, तर मध्ये दुरुस्त करू नका. आणि गोष्टीवर प्रश्नोत्तरं, सारांश असलं काही लिहून घेऊ नका, एवढी माझी कळकळीची विनंती.

पुस्तकं घरी जाऊ द्या. डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली, त्यातलं पहिलंच आहे : पुस्तकं वापरण्यासाठी असतात. आपल्या दमट हवेत तर बंद कपाटातच ती जास्त खराब होतात, आधी बुरशी, मग कसर. वापरून जीर्ण झालेल्या पुस्तकांचं रीतसर निर्लेखन करता येतं, म्हणजे ती नोंदीतून कमी करता येतात; मुख्याध्यापकांशी आधीच बोलून ठेवा. किल्ली आणि देवघेवीची वही चौथीच्या दोन मुलांकडे सोपवा. पुस्तकं कशी जपतात बघा.

ऑक्टोबरात भातकापणी असते, आईवडील दमून येतात. त्यामुळे ‘पालकांनी वाचून दाखवावं’ असली सूचना पाठवू नका. मुलानंच आजीला वाचून दाखवावं.

एखाद्या शनिवारी रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यानं मासे धरायला, जाणाऱ्या आजोबांना बोलवा. रापण कशी लावतात, ओढायला कोण कोण येतं, माशांचे वाटे कसे पडतात, ते त्यांनी सांगावं आणि मुलांनी चित्रांसह लिहावं. पानं शिवून त्याचं पुस्तक करा, नोंदवहीत नंबर द्या आणि इतर पुस्तकांबरोबर कपाटात ठेवा. माझ्या अनुभवात असलं पुस्तक कपाटात टिकतच नाही, सतत कुणाच्या तरी घरी असतं.

पुस्तकं कमी पडली तर बालभारतीचं ‘किशोर’ आहे. १९७१पासून निघतं, जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात. दिवाळीच्या सुट्टीआधी प्रत्येकाला दोन पुस्तकं द्या : एक त्याच्या आवडीचं, एक धाकट्या भावंडाला वाचून दाखवण्याजोगं.