टाचांना भेगा, पण दुखत नाही!

प्रश्न : वडील ६२ वर्षांचे, १२ वर्षांपासून मधुमेह. उसाच्या रानात अनवाणीच फिरतात. टाचांना भेगा आहेत, पण दुखत नाही म्हणतात. रात्री कढत मिठाच्या पाण्यात पाय शेकतात. चालेल का?
– एक वाचक, वाळवा (जि. सांगली)

उत्तर : शेक आजच बंद करा. दुखत नाही, हीच खरी काळजीची गोष्ट. वाढलेल्या साखरेने पायाच्या नसा बधिर होतात. मग पाचटात लपलेला बुडखा टोचला किंवा पाण्याने पोळलं तरी कळत नाही. मीठ कातडी आणखी कोरडी करतं.

पाय कोमट पाण्याने धुवा, भिजत ठेवू नका. पाणी घरातल्या दुसऱ्या कुणीतरी कोपराने तपासावं. बोटांच्या बेचक्या टिपून कोरड्या करा. टाचांना व्हॅसलीन लावा, पण बेचक्यांत नको. तिथे ओल राहून चिखल्या होतात. भेगा ब्लेडने खरवडू नका. कुरूपावरची पट्टीही नको, तिच्यातलं आम्ल चांगली कातडीही जाळतं.

रोज रात्री तळवे पाहा. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून. नखं सरळ कापा, कोपरे खोल कोरू नका. रानात बंद बूट आणि सुती मोजे हवेतच, आणि बूट घालण्यापूर्वी आत हात फिरवून खडा बघा. नवे बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात.

जखम दिसली तर हळद, चुना न लावता स्वच्छ पाण्याने धुऊन गॉज बांधा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत डॉक्टर गाठा. पाय काळानिळा, गरम किंवा सुजलेला असेल तर त्याच दिवशी. सध्या जखम नसली, तरी बधिरपणाची तपासणी डॉक्टरांकडून लवकर करून घ्या. तिच्यात दहा ग्रॅमचा दाब देणारा नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवून स्पर्श कळतो का ते पाहतात.