शिबिराची जागा पहाटे सहा वाजता पाहावी

निवासी शिबिरासाठी साधी, स्वस्त आणि सगळ्यांना एकत्र राहता येईल अशी जागा कशी शोधावी, या विषयावर आलेल्या पत्रांतील काही प्रश्न या वेळी उत्तरासाठी घेतले आहेत. मी स्वतः अनेक वर्षे अशी शिबिरे भरवत आलो आहे. काही साधली आणि काही फसली. पुढील उत्तरे मुख्यतः फसलेल्या शिबिरांतून आलेली आहेत.

प्रश्न : आमच्या वाचनमंडळात 40 जण आहेत. दोन रात्रींचे शिबिर घ्यावे असा विचार आहे, परंतु रिसॉर्टचे दर आम्हाला झेपणारे नाहीत. धर्मशाळा, भक्तनिवास, आश्रम यांपैकी नेमके काय पाहावे? (एक वाचक, सांगली)

ही तिन्ही नावे आपण एकाच अर्थाने वापरतो, पण या जागा वेगवेगळ्या गरजांतून उभ्या राहिल्या आहेत. धर्मशाळा आणि भक्तनिवास हे यात्रेकरूंसाठी असतात. रात्री उशिरा यावे, पाठ टेकावी, पहाटे आंघोळ करून दर्शनाला जावे, एवढीच त्यांची कल्पना. त्यामुळे तेथे खोल्या पुष्कळ मिळतात, पण 40 जणांना वर्तुळात बसून तीन तास बोलता येईल अशी जागा बहुधा नसते. असलीच तर ती भजन-कीर्तनाची असते आणि संध्याकाळनंतर आपल्या वाट्याला येत नाही. शिवाय आषाढी-कार्तिकीच्या सुमारास पंढरपुरात शिबिर घेण्याचा विचारसुद्धा करू नये.

आश्रमांचे वेगळे आहे. 1936 साली गांधीजी सेवाग्रामला राहायला गेले तेव्हा ‘आदि निवास’ या पहिल्याच वास्तूत सगळी मंडळी एकत्र राहत असत. झोपणे, जेवणे, चर्चा आणि पाहुणे, सारे एका छपराखाली चाले. आज तेथे बाहेरून येणाऱ्यांसाठी यात्री निवास आहे. अशा ठिकाणी सभेची जागा मिळते, शांतता मिळते, मात्र तेथील दिनक्रम आपल्याला पाळावा लागतो. प्रार्थनेची वेळ, जेवणाची वेळ आणि दिवे मालवण्याची वेळ ही त्या घराची असते. ज्यांना रात्री एकपर्यंत गप्पा रंगवायच्या आहेत त्यांनी आश्रमाच्या वाटेला न गेलेले दोघांनाही बरे.

तिसरा प्रकार शिबिरांसाठीच बांधलेल्या जागांचा. मुंबई-गोवा महामार्गालगत माणगाव तालुक्यात वडघर येथे असलेले साने गुरुजी राष्ट्रीय स्मारक हे त्याचे चांगले उदाहरण आहे. चंद्रपूर जिल्ह्यात बाबा आमटे यांच्या सोमनाथ प्रकल्पावर साठच्या दशकाच्या अखेरीपासून मे महिन्याच्या उन्हात तरुणांची श्रमसंस्कार छावणी भरत आली आहे. ती भाड्याने घेण्याची जागा नव्हे, पण सकाळी श्रमदान आणि उरलेल्या दिवसात व्याख्याने व चर्चा अशी तेथील दिवसाची मांडणी कोणत्याही संयोजकाने एकदा पाहून यावी. इगतपुरीच्या धम्मगिरीविषयीही काही वाचकांनी विचारले आहे. तेथे विपश्यनेची शिबिरे होतात, बाहेरच्या मंडळांना जागा दिली जात नाही.

आपल्या 40 जणांसाठी मी तिसऱ्या प्रकारची जागा आधी शोधेन, आणि ती मिळाली नाही तर आश्रम.

प्रश्न : गेल्या वर्षी आमच्या शिक्षकांच्या शिबिरात पहिले सत्र दीड तास उशिरा सुरू झाले, कारण लोक आंघोळीच्या रांगेत होते. जागा तर आम्ही आधी जाऊन पाहिली होती. काय चुकले? (एक शिक्षिका, नाशिक)

आपण जागा दुपारी पाहिली असणार. दुपारी सगळ्याच जागा चांगल्या दिसतात. फरशी पुसलेली असते, गाद्या रचून ठेवलेल्या असतात आणि व्यवस्थापक चहा देतात. जागेची खरी परीक्षा पहाटे सहाला होते. म्हणून शक्य असेल तर आदल्या रात्री दोघांनी तेथे मुक्काम करावा.

हिशेब सोपा आहे, पण तो कोणी करत नाही. 40 माणसे, 4 न्हाणीघरे आणि प्रत्येकाला 10 मिनिटे धरली, तर शेवटचा माणूस 100 मिनिटांनी बाहेर पडतो. सहाला सुरुवात केली तर पावणेआठ वाजतात, आणि त्यानंतर न्याहारी. यावर नव्या न्हाणीघरांपेक्षा स्वस्त उपाय असा की अर्ध्या मंडळींनी संध्याकाळी आंघोळ करावी. आम्ही आल्या आल्या चिठ्ठ्या काढून ‘सकाळवाले’ आणि ‘संध्याकाळवाले’ ठरवतो. पहिल्या दिवशी थोडी कुरकुर होते, दुसऱ्या दिवशी संध्याकाळवाले खुशीत असतात, कारण त्यांना अर्धा तास जास्त झोप मिळालेली असते. शौचालय मात्र आठ-दहा माणसांमागे एक हवेच. तेथे चिठ्ठ्या चालत नाहीत.

पाण्याचे तसेच. आंघोळीची बादली, कपडे, शौचालय, स्वयंपाक आणि भांडी मिळून माणशी 70 ते 80 लिटर धरले तर 40 जणांना दिवसाला सुमारे 3000 लिटर लागते. गच्चीवर 1000 लिटरची एकच टाकी असेल तर ती दिवसातून तीनदा भरायला हवी. तेव्हा पंप कोण लावतो, त्याची किल्ली कोणाकडे असते आणि सकाळी वीज गेली तर काय, हे तीन प्रश्न विचारावेत. विहीर असेल तर मे महिन्यात तिला पाणी किती असते हे व्यवस्थापकाला न विचारता शेजारच्या घरी विचारावे.

कोकणात आणि घाटमाथ्यावर काही ठिकाणी अजून तांब्याचा बंब असतो. बंबाचा नियम एकच: जेवढे कढत पाणी काढले तेवढे थंड ओतायचे. तो नियम कागदावर लिहून बंबाशेजारी चिकटवून ठेवावा, नाहीतर दहावा माणूस रिकाम्या बंबाखाली लाकडे सारत बसतो.

स्त्रियांची झोपण्याची जागा पाहताना आतून लागणारी कडी प्रत्यक्ष लावून पाहावी. तेथून शौचालयापर्यंतच्या वाटेवर रात्रभर दिवा असतो का, हेही पाहावे. या दोन गोष्टी नसतील तर बाकी जागा कितीही रम्य असली तरी ती सोडून द्यावी.

प्रश्न : आमच्या गटात निम्मे सभासद साठीच्या पुढचे आहेत. सतरंजीवर बसणे जमेल का? (एक वाचक, ठाणे)

अर्धा तास जमेल, दोन दिवस जमणार नाही. खुर्च्या आणि सतरंज्या दोन्ही हव्यात. फक्त खुर्च्यांची रांग मागे भिंतीशी लावू नये, कारण मग ज्येष्ठ मंडळी आपोआप प्रेक्षक होऊन बसतात. वर्तुळातच आलटूनपालटून खुर्च्या ठेवाव्यात.

सभागृहाविषयी आणखी एक गोष्ट, जी पावसाळ्यात शिबिर घेणाऱ्यांना महागात पडते. वर पत्रा असेल आणि खाली आच्छादन नसेल, तर जोराची सर आली की शेजारच्याचेही ऐकू येत नाही. आम्ही एकदा पाऊण तास एकमेकांकडे पाहून नुसते हसत बसलो होतो. कौलारू किंवा स्लॅबचे छप्पर असेल तर प्रश्न नाही. एकाच दालनात झोपायचे आणि बसायचे असेल तर अंथरुणे सकाळी सातच्या आत गुंडाळून एका कोपऱ्यात रचली गेली पाहिजेत. हे काम ज्याला नेमून द्याल तो माणूस लवकर उठणारा असावा.

आणि सभागृहापेक्षाही मी ओसरी पाहतो. सत्र संपल्यावर चहाचा कप घेऊन जेथे चार-पाच जण टेकतात, ती जागा सावलीत आहे का, तेथे बसायला कट्टा आहे का? सत्रात ओठ मिटून बसलेला माणूस तेथे बोलू लागतो. खोल्या जरा कोंदट असल्या तरी चालतील, पण ओसरी नसलेली जागा मी शक्यतो घेत नाही.

प्रश्न : जेवण तिथलेच घ्यावे की आपला आचारी न्यावा? (एक वाचक, कोल्हापूर)

त्यांचे स्वयंपाकघर चालू असेल तर त्यांचेच घ्यावे. त्या चुलीची, त्या भांड्यांची आणि त्या गावच्या भाजीबाजाराची त्यांना सवय असते. स्वयंपाकघर बंद असेल किंवा जागेवर फक्त भांडी मिळत असतील, तरच आचारी न्यावा. तेव्हा शिध्याची यादी त्याच्याकडूनच करून घ्यावी. अंदाजासाठी सांगतो: पोळीबरोबर भात असेल तर 40 जणांना एका वेळेला साधारण 3 किलो तांदूळ पुरतात, भातच मुख्य असेल तर 4 किलो. निम्म्या दुधाचा चहा 40 कप करायचा तर एका फेरीला 2 लिटर दूध हवे. लोक चहा किती वेळा मागतात ते आपण आपल्या मंडळींवरून जाणत असालच. गॅस व्यावसायिक, म्हणजे 19 किलोचा घ्यावा. कोणाच्या घरची टाकी उचलून आणू नये.

आपले ताट आपण घासण्याची पद्धत बहुतेक आश्रमांत असते. ती ठेवावी. फक्त ताटे घासण्याच्या जागी एका वेळी सहा जण उभे राहू शकतील एवढ्या तोट्या हव्यात, नाहीतर पहाटेची रांग दुपारी पुन्हा भेटते.

प्रश्न : फोनवर जागा नक्की केली, आगाऊ रक्कमही पाठवली, पण गेल्यावर निम्म्या खोल्या दुसऱ्यांना दिलेल्या आढळल्या. अशा वेळी काय करावे? (एक वाचक, अमरावती)

तेथे पोहोचल्यावर करण्यासारखे फारसे काही उरत नाही. जे करायचे ते आधी. माझ्या बाबतीत एकदा खोल्या ठरल्याप्रमाणे मिळाल्या, पण त्याच आवारातील दुसरे दालन लग्नाला दिलेले होते. आमचा विषय ‘मौन’ होता आणि भिंतीपलीकडे बँड. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला कायद्याने बंदी आहे हे मी सांगायला गेलो, तर वरपक्षाने मला जेवायलाच बसवले. दोष माझाच होता. मी जागा विचारली होती, आवार विचारले नव्हते.

म्हणून पत्रात किंवा निरोपात पुढील गोष्टी लेखी घ्याव्यात: तारखा, खोल्यांची व गाद्यांची संख्या, सभागृह किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत आपले, त्या दिवसांत आवारात दुसरा कार्यक्रम आहे का, अनामत रक्कम किती आणि ती परत कधी. पंचांगातील लग्नतिथी आधीच पाहून ठेवाव्यात. विश्वस्तांशी ओळख असली तरी बोलणे व्यवस्थापकाशी करावे, कारण किल्ल्या त्यांच्याकडे असतात. परदेशातून कोणी पाहुणे येणार असतील तर तेही आधी कळवावे; त्यांची माहिती 24 तासांच्या आत सरकारी नोंदीत भरण्याची जबाबदारी जागा देणाऱ्यावर असते.

पावतीवरील कराविषयीही काहींनी विचारले आहे. नोंदणीकृत धर्मादाय संस्थेने धार्मिक स्थळाच्या आवारातील, सर्वांसाठी खुली असलेली खोली दिवसाला 1000 रुपयांपेक्षा कमी दराने, किंवा सभागृह 10,000 रुपयांपेक्षा कमी दराने दिले, तर त्यावर वस्तू व सेवा कर लागत नाही. इतर जागांना हीच सवलत गृहीत धरू नये.

प्रश्न : एका धर्मशाळेच्या अर्जात ज्ञातीचा रकाना होता. तो भरावा का? (एक वाचक, पुणे)

मी भरत नाही, आणि तो रकाना असलेली जागा शिबिराला घेत नाही. जुन्या काळी धर्मशाळा ज्ञातींच्या होत्या आणि ज्यांना कोणीच उंबऱ्याच्या आत घेत नसे त्यांना पंढरपुरात उघड्यावर रात्र काढावी लागे. गाडगेबाबांनी तेथे चोखामेळा धर्मशाळा उभी केली ती याच कारणाने, आणि 1949 साली ती डॉ. आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन केली. अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणाला अडवणे हा गुन्हा ठरवणाऱ्या 1955 च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यात धर्मशाळा, सराई आणि मुसाफिरखाना यांचा नावानिशी उल्लेख आहे.

प्रश्न : आमचे कोकणात वडिलोपार्जित घर आहे. मोठे माजघर, पडवी आणि मागे चार खोल्या. वर्षातून दहा महिने कुलूप असते. लहान गटांसाठी ते खुले करावे असे वाटते. सुरुवात कशी करावी? (एक वाचक, मुंबई)

कल्पना चांगली आहे. ज्या भावंडांची नावे सातबारावर किंवा घरपट्टीवर आहेत त्यांची लेखी संमती सर्वांत आधी घ्या, मग ग्रामपंचायतीत जा. पर्यटन विभागाची न्याहरी व निवास योजना मोजक्या खोल्यांसाठी आहे. ती आपल्या घराला लागू होते का याची चौकशी करा. सुरुवात 15 ते 20 जणांच्या गटापासून करा, त्यापुढे नको. घर सतत उघडे ठेवणारा, गावातच राहणारा एक माणूस पगारावर नेमा, कारण पावसाळ्यात बंद घरातील गाद्यांना पंधरा दिवसांत बुरशी धरते आणि तो वास पुढच्या दिवाळीपर्यंत जात नाही. गाद्यांऐवजी सतरंज्या आणि सोलापुरी चादरी ठेवल्यात तर त्या धुऊन वाळवता तरी येतात.

माजघराला हात लावू नका. फरशी बदलण्याचा, खिडक्यांना ॲल्युमिनियम बसवण्याचा आणि एसीचा सल्ला देणारे पुष्कळ भेटतील. हाती असलेले सगळे पैसे पहिल्या वर्षी मागच्या अंगणात घाला: तीन न्हाणीघरे, तीन शौचालये, 2000 लिटरची टाकी आणि तेथपर्यंतच्या वाटेवर एक दिवा.