मेलोट्रॉनचं प्लगइन घेतलं, पण आवाज साध्या कीबोर्डसारखाच येतो. दुसरं घ्यावं का?

मेलोट्रॉन म्हणजे टेपवर मुद्रित केलेले सूर वाजवणारं जुनं कीबोर्डवाद्य, आणि प्लगइन म्हणजे त्याची कॉम्प्युटरवरची नक्कल. तुम्ही लिहिलंय की व्हायोलिन लावून पाहिलं, कोरस (समूहगायनाचा आवाज) लावून पाहिला, तरी जुन्या रेकॉर्डवरचा तो थरथरता आवाज काही येत नाही. दुसरं प्लगइन इतक्यात घेऊ नका. आधी सस्टेन पेडलची, म्हणजे बोट उचललं तरी सूर धरून ठेवणाऱ्या पेडलची, वायर काढा.

मी मूळचा पेटीवाला. हल्ली घरीच हौशी नाटकांचं आणि शॉर्ट फिल्मचं पार्श्वसंगीत करतो. पहिल्यांदा मेलोट्रॉन हाताशी आला तेव्हा मीही कोरसचा आवाज लावला, पेडल दाबलं आणि एकच कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) तानपुऱ्यासारखा धरून बसलो. दिग्दर्शकाने ऐकलं आणि म्हणाला, "हे गणपतीच्या मंडपातल्या कीबोर्डसारखं वाटतंय." राग आला, पण माणूस बरोबर बोलत होता.

या वाद्यात तसं धरून बसताच येत नाही. मेलोट्रॉन १९६३ साली इंग्लंडमध्ये, बर्मिंगहॅमला तयार झाला. कल्पना मुळात अमेरिकेतल्या हॅरी चेंबरलिनची. त्याचा विक्रेता बिल फ्रॅन्सन त्याची दोन वाद्यं घेऊन इंग्लंडला गेला आणि तिथे एकसारखी ७० टेप हेड (टेपवरचा आवाज वाचणारे भाग) करून देणारा कारखाना शोधू लागला. गाठ पडली ब्रॅडली बंधूंशी. (चेंबरलिनला हे कळल्यावर त्याचं काय झालं असेल ते सांगायला नको.) आपण ज्याला आज मेलोट्रॉन म्हणून ओळखतो तो बहुतेक वेळा एम-४००, म्हणजे १९७० चं मॉडेल. खालच्या पांढरी पाचपासून (G) वरच्या पांढरी चारपर्यंत (F) ३५ पट्ट्या, आणि प्रत्येक पट्टीखाली तिची स्वतःची टेप.

पट्टी दाबली की टेप हेडला टेकते, रबरी चाक तिला फिरत्या दांड्यावर दाबतं आणि टेप पुढे सरकत खालच्या खणात जमा होते. पट्टी सोडली की स्प्रिंग तिला खटकन मागे ओढतं. टेप साधारण ८ सेकंदांची. संपली की आवाज बंद, कितीही दाबा. टेपची दोन टोकं जोडून ती गोल फिरवता आली असती, पण मग सुराची सुरुवात कुठून? गजाचा पहिला घसारा, बासरीतली पहिली फुंकर टिकवायची तर टेप दर वेळी सुरुवातीपासूनच वाजायला हवी. बीटल्सच्या 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर'च्या (१९६७) सुरुवातीला जी बासरी आहे, ती एम-४०० च्या आधीच्या मार्क टू मॉडेलवरची. प्रत्येक सूर फुंकरीसकट येतो.

तेव्हा प्लगइनमध्ये 'लूप' नावाचं बटण असेल तर ते बंद करा. मग हिशोब करा: मिनिटाला १२० बीटच्या लयीत ८ सेकंद म्हणजे १६ बीट, ६० च्या लयीत फक्त ८. त्याच्या आत कॉर्ड बदलायचाच. तोही पाची बोटं एकदम उचलून नाही. एक बोट उचला, टेपला मागे जायला क्षणभर द्या, मग दुसरं. जुने वादक असंच, खेकड्यासारखं वाजवायचे. घाईत पुन्हा तीच पट्टी दाबली तर टेप अर्धवटच मागे गेलेली असायची आणि सूर मधूनच सुरू व्हायचा.

दुसरं म्हणजे व्हेलॉसिटी (बोटाच्या जोराप्रमाणे आवाज लहानमोठा होणं) बंद करा. पट्टीवर जोरात बोट मारलं म्हणून टेपवरचा आवाज मोठा होत नाही. इथे आपल्यासारख्यांचा फायदा आहे, कारण पेटीतही तसंच असतं. बोटं सूर निवडतात, लहानमोठं करतो तो भाता. एक्स्प्रेशन पेडल (किंवा कीबोर्डवरचं चाक, मॉड व्हील) आवाजाच्या पातळीला जोडा आणि भाता पायाखाली आहे असं समजून वाजवा. माझ्या बाबतीत निम्मं काम एवढ्यानेच झालं. पियानोवाल्यांना ही सवय लागायला वेळ लागतो, असं माझं निरीक्षण.

आता प्लगइन चांगलं की वाईट ते कसं ओळखायचं. सगळे इफेक्ट बंद करून खालपासून वरपर्यंत एकेक पट्टी पूर्ण ८ सेकंद ऐका. मूळ वाद्यात प्रत्येक सूर वेगळा वाजवून घेतलेला असतो, त्यामुळे शेजारच्या दोन पट्ट्या सख्ख्या भावांसारख्या हव्यात, जुळ्यांसारख्या नाहीत. एकीत गज थोडा उशिरा लागेल, दुसरीत शेवटी सूर किंचित पडेल. चार पट्ट्या तंतोतंत सारख्याच, फक्त उंच-नीच वाटल्या, तर एकाच सुराचं रेकॉर्डिंग ताणून सगळ्यांना लावलेलं आहे. आणि थरथर ऐका: मोटर एकच, दांडा एकच, म्हणून डगमग मुख्यतः सगळ्या सुरांची मिळून व्हायला हवी. जास्त पट्ट्या दाबल्या की मोटरवर ताण येऊन सगळा कॉर्डच खाली बसतो. कॅसेट प्लेअरचे सेल उतरताना गाणं कसं रडायचं, ते आठवा.

नावंच हवी असतील तर जीफोर्सचं एम-ट्रॉन प्रो मला सर्वांत आवडतं. आर्टुरियाचं मेलोट्रॉन व्ही आणि आयके मल्टिमीडियाचं सॅम्पलट्रॉन टू यांत स्वतःचे आवाज 'टेपवर' चढवता येतात. लॉजिक हे ॲपलचं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्यात एक आयतंच आहे, आधी तेच वाजवून बघा.

स्वतःचे आवाज चढवणं मात्र एकदा कराच. मी आमच्या भजनी मंडळातल्या तिघांना बसवलं आणि खालच्या पांढरी पाचपासून १८ पट्ट्यांचा 'आ' एकेक करून गाऊन घेतला, प्रत्येकी ८ सेकंद. दहाव्या पट्टीनंतर चहा झाला, आणि चहानंतरचे सूर थोडे चढे लागलेत. ते तसेच ठेवले. एका पट्टीत एक काका सातव्या सेकंदाला खाकरतात. ती पट्टी मी सहा सेकंदांत सोडतो.